थट्टा दुसऱ्याची, भुर्दंड दुकानदाराला

थट्टामस्करीला व्यापारी पेठेत कधीच बंदी नव्हती. दुपारी गिऱ्हाईक नसले की शेजारच्या दुकानदाराची फिरकी घेणे, हा बाजाराचा जुना विरंगुळा. मात्र ती थट्टा तोंडासमोर होई आणि गल्ल्याला हात लावीत नसे. मोबाईल हाती आल्यापासून या दोन्ही मर्यादा गळून पडल्या आहेत.

आंबिवली स्थानकाबाहेरील एखादे किराणा दुकान डोळ्यांसमोर आणावे. संध्याकाळी कसाऱ्याकडील लोकलची गर्दी उतरते, दुकानदाराचा एक हात तराजूवर आणि दुसरा सुट्या पैशांत असतो. एक तरुण फोनवरील हिरवी खूण दाखवितो व माल घेऊन चालू लागतो. रात्री हिशेब जुळत नाही, कारण खात्यात काही जमाच झालेले नसते. पैसे दिल्याचा खोटा देखावा करणारी अशी अ‍ॅप मित्रांना चकविण्याची गंमत म्हणून पसरली आणि तेथून फसवणुकीच्या कामी आली. आज दुकानोदुकानी जमा रक्कम मोठ्याने सांगणारा साऊंडबॉक्स दिसतो आणि बहुतेक ठिकाणी त्याचे दरमहा भाडे दुकानदारच भरतो. गंमत एकाची, भाडे दुसऱ्याला!

थट्टा आणि व्यापार यांतील रेषा किती पुसट झाली आहे, हे फोनच्या धंद्यानेच दाखवून दिले. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी नोएडाच्या ‘रिंगिंग बेल्स’ या कंपनीने अवघ्या २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची घोषणा दिल्लीत समारंभपूर्वक केली. दुसऱ्या दिवशी नोंदणीसाठी इतकी झुंबड उडाली की संकेतस्थळ बंद पडले. पत्रकारांना दाखविलेल्या फोनवर तर दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाने झाकलेले निघाले. मुंबईचे तत्कालीन खासदार किरीट सोमय्या यांनी तेव्हाच या व्यवहाराबद्दल शंका घेतली होती. वर्षभराने, फेब्रुवारी २०१७ मध्ये, कंपनीच्या प्रमुखास अटक झाली, ती गाझियाबादच्या एका वितरकाच्या तक्रारीवरून. ग्राहकाचे २५१ रुपयांचे स्वप्न भंगले, पण मालासाठी आगाऊ पैसे मोजणारा व्यापारी अधिक खोल गेला.

जे प्रामाणिकपणे फोन विकीत होते, त्यांचीही स्थिती बरी राहिली नाही. २०१४ च्या सुमारास भारतीय ‘मायक्रोमॅक्स’ सॅमसंगशी बरोबरी करीत होती. त्याच वर्षी शाओमीने थेट ऑनलाईन विक्रीने भारतात पाऊल टाकले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची ४जी सेवा सुरू झाली आणि जुन्या तंत्राचे फोन पाहता पाहता अडगळीत गेले. एल.जी.सारख्या बलाढ्य कंपनीनेही सततच्या तोट्यापायी एप्रिल २०२१ मध्ये फोनचा धंदा आवरता घेण्याचे जाहीर केले. कंपनी पाटी उतरविते, पण त्या फोनची बॅटरी आणि काच मागत ग्राहक ओळखीच्या दुकानाचीच पायरी चढतो. त्याच्या लेखी फोन कंपनीने नव्हे, त्या शेठजींनी विकलेला असतो.

कारखाना बंद पडला म्हणजे त्याची झळ कुठवर पोहोचते, हे आंबिवलीकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. शेजारच्या मोहन्यातील एन.आर.सी. कंपनी २००९ मध्ये बंद झाली आणि कामगार आपल्या हक्काच्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडत राहिले. ज्या पेठेचे गिऱ्हाईकच पगारावर जगते, तिला ही झळ टळत नाही.

म्हणून कुरकुर पुरे करून दुकानात काही नियम घालून घेतलेले बरे. ग्राहकाच्या फोनवरील खूण नव्हे, तर आपल्या खात्यातील जमा पाहूनच माल द्यावा. अनोळखी कंपनीच्या एजन्सीसाठी लेखी करार आणि दुरुस्तीची हमी यांवाचून आगाऊ रक्कम देऊ नये. फसवणूक झालीच तर संकोच न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्वरित कळवावे, कारण जितका उशीर, तितका पैसा दूर जातो. आणि घरातील तरुण मुलांना एवढे अवश्य सांगावे की, खोट्या पावतीची ‘गंमत’ ज्या दुकानदारावर केली जाते, तोही कोणाचा तरी पिता असतो आणि रात्री त्यालाही घरी हिशेब द्यावा लागतो.