नाव ठेवा, पण नीट लिहा
शेगावात गजानन महाराज प्रकटले ते १८७८ साली. तेव्हापासून आपल्या वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी एखादा तरी गजानन असतोच. आता बारशाला आत्याबाई बाळाच्या कानात शिवांश, आरव, अन्वी अशी नावं सांगतात. २०१६च्या ‘सैराट’नंतर आर्चीही घरोघरी पोचली. नावं बदलणारच, त्यात वावगं काही नाही. जिजाऊंच्या सिंदखेडराजाच्या जिल्ह्यात एखादी चिमुकली ‘जिजा’ भेटली, की मात्र ऊर भरून येतो. माझी खरी काळजी आहे ती स्पेलिंगची. ऋतुजा लिहायची ‘आर-यू’ने की ‘आर-आय’ने? ज्ञानेश्वरला आपण ‘डी-एन-वाय’ लावतो, उत्तरेत ‘जी-वाय’ लावतात. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर तिसरं झालं, की ऐन प्रवेशाच्या वेळी मायबाप प्रतिज्ञापत्रासाठी तहसीलच्या चकरा मारतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच दाखवावा लागणार. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावापुढे, वडिलांच्या आधी, आईचं नावही लागतं. म्हणजे तिचंही स्पेलिंग तपासायला हवं. कायद्यानं नावाशिवायही जन्मनोंद होते, नाव मागाहून घालता येतं. तेव्हा घाई नको. आजीला सहज उच्चारता येईल असं नाव निवडा, मराठी-इंग्रजी दोन्ही अक्षरांत कागदावर लिहून द्या, दाखला हातात पडताच तिथंच वाचा.