अंधार हवाय, अंधार!

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पोटात घाला.

मामाकडे सहा इंची परावर्तक दुर्बीण आहे. रेक्टर मॅडमच्या परवानगीने ती मी ऑक्टोबरमध्ये हॉस्टेलच्या गच्चीवर आणली. देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे एम ३१ चा, गाभा दिसला. पण त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ तीन रात्री शोधूनही सापडली नाही. रूममेट म्हणाली, "अगं, झोप आता!"

दिवाळीत दुर्बीण परत गावी नेली. अमावास्येची रात्र, पणत्या विझलेल्या. अर्धा तास अंधारात नुसती बसले, कारण डोळ्यांना सरावायला तेवढा वेळ लागतोच. मग मामाने युक्ती सांगितली, "सरळ बघू नकोस, जरा बाजूला बघ." मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यभागी नसतात, कडेला असतात. आणि दिसली! फुंकर मारली तर विरेल असा पुसट धूसर डाग. तो प्रकाश सुमारे २७ लाख वर्षांपूर्वी निघालेला. अंगावर काटाच आला.

दुर्बीण तीच, डोळे तेच. मग फरक कशाचा? आपल्या गच्चीवरच्या फ्लडलाइटचा आणि शहराच्या उजेडाचा! एम ३३ चा प्रकाश आभाळात बराच पसरलेला आहे. दुर्बीण तो गोळा करते, तसा आभाळातला उजेडही गोळा करते. म्हणजे आपल्या भाषेत, नॉइज एवढा की सिग्नल बुडतो. मोठी दुर्बीण आणून हे सुटत नाही.

कुणी म्हणेल, मुलींच्या हॉस्टेलला दिवे नकोत का? हवेतच! रात्री लायब्ररीतून एकटीने येताना मलाही ते हवे असतात. पण आमचा दिवा अर्धा आभाळाकडे तोंड करून आहे. आभाळात कोण चोर येणार? त्याला वरून झाकण लावा, तोंड खाली करा. वाटेवर उजेड वाढेल आणि वीजही वाचेल. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला, तो दिवे काढून टाकून नव्हे, नीट लावून.

शहराचे दिवे आपल्या हातात नाहीत, हा एक आहे. झाकणाचं काम वर्कशॉपमध्ये एका दुपारचं. पत्रा मी आणते. अमावास्येला गच्चीची किल्ली तेवढी मिळेल का, मॅडम?