आधी मोजा, मग खोला!

आज जरा तावातावाने लिहिणार आहे. गाड्यांचा कंटाळा असलेल्यांनी (आमच्या सौ. धरून) पुढे वाचलं नाही तरी चालेल.

आमची १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी नातेवाईकांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. कारखान्यातून ती बाहेर पडणं केव्हाच थांबलं, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आमची अजून चालते. गेल्या वर्षी तिचं इंजिन पूर्ण करून घेतलं: बोअर, नवे पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, सगळं. हजारेक किलोमीटर झाले आणि बाईसाहेब चढावर दम टाकू लागल्या, उभ्या उभ्या थरथरू लागल्या.

गॅरेजवाल्याने एकच प्लग काढला, थंड इंजिनाला गेज लावला, ॲक्सिलरेटरला हातही न लावता सेल्फ मारला. काटा सत्तरवर. "सर, रिंगा बसल्या नाहीत. इंजिन परत उतरवावं लागेल."

झालं निदान! पेपर न उघडता मी मुलाला नापास केलं असतं तर पालकांनी मला शाळेत उभं केलं नसतं. इथे मात्र आपण "बरं" म्हणून मान डोलावतो.

अहो, कॉम्प्रेशन बघायची एक रीत आहे. इंजिन गरम हवं, बॅटरी भरलेली हवी. चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. तो दाबला नाही तर हवा आतच येत नाही, मग चांगलं इंजिनही आजारी दिसतं. चारही आकडे कागदावर लिहायचे. मग कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चांगला वर गेला तर संशय रिंगांवर. हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर बहुधा मधलं गॅस्केट. चारही सारखेच कमी असतील तर टायमिंग चेनच्या खुणाही बघाव्या लागतात.

गाडी तशीच घरी आणली. गेज उसना मिळवला. पुतण्या आत बसला, मी बाहेर कागद-पेन्सिल घेऊन. १२०, ११८, ७५, १२२. तिसऱ्यात ऑइल घातलं: ७८. म्हणजे रिंगा निर्दोष! वरचं झाकण काढलं, तर तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या टॅपेटमध्ये फिलर गेजचं सगळ्यात पातळ पानही शिरेना. व्हॉल्व्ह पुरता मिटतच नव्हता.

यात गूढ काही नाही. ग्राइंडिंगनंतर व्हॉल्व्ह सीटमध्ये जरा खोल बसतो, त्याची दांडी तेवढीच रॉकरकडे सरकते. नवं गॅस्केटही दबतं. म्हणून काही शे किलोमीटरनंतर हेड पुन्हा आवळून टॅपेट लावून घ्यायचे असतात. ते कुणी केलंच नव्हतं. आम्ही केलं. तिसरा ११६ वर आला. वेळ गेला दीड तास, त्यातला अर्धा माझा चष्मा शोधण्यात.

थोडे दिवस आणखी तसंच चालवलं असतं तर तो व्हॉल्व्ह जळला असता. आणि मिस्त्रीचं ऐकलं असतं तर चांगल्या बसलेल्या रिंगा उपसून फेकल्या असत्या. साप साप म्हणून भुई धोपटायची, आणि भुईचं भाडं गिऱ्हाईकाने द्यायचं!

पण दोष एकट्या मिस्त्रीचा नाही, हे लिहिताना मला बरं वाटत नाही तरी लिहितो. इंजिन उतरवायचे हजारो रुपये आपण मुकाट मोजतो, आणि "नुसतं तपासलं" याचे दोनशे मागितले की घासाघीस सुरू. मीही आयुष्यभर हेच केलंय. मग तो बिचारा तपासेल कशाला?

परवा त्याच गॅरेजात गेलो. चार आकड्यांचा कागद दाखवला. त्याने दोनदा वाचला, म्हणाला, "सर, गेज कुठला होता?" मी म्हटलं, "तुझ्याकडे आहे तसाच. पुढच्या वेळी तूच चारही सिलिंडर मोज, पैसे मी देतो." त्याने तपासणीचे तीनशे सांगितले. जिभेवर आलेलं "अडीचशे" मी गिळून टाकलं.