डॉल्फिन नाही तर पैसे परत

नाताळात चुलतभावंडांसोबत होडीतून डॉल्फिन बघायला गेले. 'नाही दिसला तर पैसे परत!' एक पाठ वर आली नि चार होड्या तिकडे धावल्या. मीही ओरडले, खोटं कशाला बोलू?

घोळ या हमीत आहे. फिलिपिन्समधल्या ओस्लोबला व्हेल शार्कना रोज सकाळी बारीक कोळंबी चारतात, म्हणजे स्नॉर्केलिंगवाल्यांना ते हमखास भेटतात. काही मासे मग तिथेच रेंगाळतात. ऑस्ट्रेलियात निंगालूला चारायचं नाही, एका वेळी १०च जण पाण्यात, माशापासून ३ मीटर लांब. तो खोल गेला की संपलं.

भाऊ म्हणतो, "मग न बघताच परत यायचं?"

हो. पुढच्या वेळी होडीवाल्या दादांना आधीच सांगणार आहे: पाठ दिसली की इंजिन बंद करा, पैसे ठेवा.