अपघातात ठोकलेली सुपरकार २८ लाखांत : घ्यावी की सोडावी?

गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. "दादा, ऑडी आर-८ मिळतेय. २०१३ ची. अठ्ठावीस लाख सांगतोय, पंचवीसपर्यंत येईल. फक्त पुढून ठोकलेली आहे. रविवारी येशील का बघायला?"

भाऊ लोणावळ्यात प्री-वेडिंग शूटचं काम करतो. पवना धरण, टायगर पॉइंट, पावसाळ्यातलं धुकं, सगळं फुकटात मिळतं. त्याचं गणित असं की, फ्रेममध्ये एक सुपरकार आली तर पॅकेजचा दर दुप्पट करता येईल. पैसे कुठून येणार? बारा लाख त्याचे, बाकीचे मावशीची एफडी मोडून. मावशी निवृत्त शिक्षिका आहेत. त्यामुळे "बघून तर येऊ" म्हणत मी हिंजवडीहून निघालो तेव्हा लॅपटॉप आणि ओबीडी स्कॅनर बॅगेत टाकला. मी मेकॅनिक नाही, सॉफ्टवेअर लिहितो. पण आजची गाडी तपासायला दोन्ही लागतं.

आधी बघू, ही चर्चा आत्ताच का वाढली आहे

महागड्या गाड्यांचे भाव सध्या हलताहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून होणारा ५० टक्क्यांपर्यंतचा बोजा जाऊन सरळ ४० टक्के झाला. सुटे भाग २८ वरून १८ टक्क्यांवर आले. ब्रिटनबरोबर जुलै २०२५ मध्ये व्यापार करार झाला. २७ जानेवारी २०२६ ला युरोपीय संघाबरोबरच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली. त्यानुसार युरोपातून येणाऱ्या गाड्यांवरचं ११० टक्के आयात शुल्क ठरावीक कोट्यापुरतं टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरेल आणि सुट्या भागांवरचं पाच ते दहा वर्षांत संपेल.

हे शुल्क किती जड असतं ते मराठी माणसाला एका गाडीमुळे चांगलं आठवतं. सचिन तेंडुलकरला भेट मिळालेल्या फेरारी ३६० मोडेनावरचं सीमाशुल्क १ कोटी १३ लाख होतं. ते माफ करण्यावरून २००३ मध्ये वाद झाला आणि शेवटी ते फियाटने भरलं.

याचा जुन्या बाजारावर परिणाम सरळ आहे. नवी गाडी पुढे स्वस्त होणार असेल तर जुनी आयात गाडी धरून ठेवणाऱ्याला घाई होते. ठोकलेली गाडी असेल तर जास्तच. म्हणजे "इतकी स्वस्त कशी?" या प्रश्नाचं एक उत्तर प्रामाणिक आहे. पण ते पूर्ण उत्तर नाही.

पहिला थर : धातू

गाडी एका शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती, दोन पावसाळे. लोणावळ्याचा पावसाळा म्हणजे बऱ्याच वर्षी चार हजार मिलिमीटरच्या पुढे. डावा पुढचा कोपरा आत गेलेला, बंपर, दिवा, रेडिएटर गेलेले. भाऊ म्हणाला, "इंजिन मागे असतं, त्याला धक्का नाही." हे खरं आहे. पण आर-८ ची चौकट ॲल्युमिनियमची आहे. आपल्या गल्लीतल्या डेंटिंगवाल्याला लोखंडी पत्रा ओढून सरळ करता येतो. ॲल्युमिनियम तसं पूर्वस्थितीला येत नाही, त्याला चीर पडते. म्हणून वाकलेला भाग कापून नवा जोडावा लागतो. त्यासाठी वेगळी हत्यारं लागतात आणि शक्यतो वेगळी खोली, कारण लोखंडाचा कीस ॲल्युमिनियमवर बसला आणि ओल लागली की गंज वेगाने धरतो. रंग मारून झाकलेली चौकट डोळ्यांना कळत नाही. चारही चाकांच्या अलाइनमेंटचा रिपोर्ट आणि लिफ्टवर खालून काढलेले फोटो याशिवाय इथे बोलू नये.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघितला. मुळाशी चिखलाची रेघ नव्हती, म्हणजे गाडी पुरात बुडालेली नव्हती. एवढा एक दिलासा.

दुसरा थर : सॉफ्टवेअर

मला खरी भीती इथली होती. बॅटरी जोडून इग्निशन चालू केलं. एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझायला हवा. तो पेटलाच नाही. स्टिअरिंगवरचं कव्हर मात्र नवंकोरं. अपघातात एअरबॅग उघडली की तिचा कंट्रोलर ती घटना मेमरीत लिहून ठेवतो आणि दिवा पेटता ठेवतो. नियमाने कंट्रोलर, एअरबॅग आणि सीटबेल्टचे टेन्शनर बदलायचे असतात. स्वस्तातली पळवाट म्हणजे एअरबॅगच्या जागी रेझिस्टर बसवणं, किंवा दिव्याचंच कनेक्शन काढणं. दिवा पेटला नाही म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. तो सुरुवातीलाही पेटत नसेल तर कोणीतरी हात लावलेला आहे.

मग स्कॅनर लावला. फॉल्ट कोड एकही नाही! दोन वर्षं पडून असलेल्या, पुढून ठोकलेल्या गाडीत एकही नाही. पण "रेडिनेस मॉनिटर" नावाच्या चाचण्या सगळ्या अपूर्ण दिसत होत्या. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की या चाचण्या शून्यावर जातात आणि गाडी बरीच चालल्यावरच पूर्ण होतात. सोप्या भाषेत, लॉग फाइल कोरी असणं हाही एक लॉगच असतो.

आता कुलपाची गोष्ट. ऑडीसारख्या गाड्यांत "कॉम्पोनंट प्रोटेक्शन" असतं. मीटर, म्युझिक सिस्टिम असे अनेक इलेक्ट्रॉनिक भाग त्या एका गाडीच्या चासी नंबरशी बांधलेले असतात. दुसऱ्या गाडीतून काढलेला भाग लावला तर तो बसतो, पण नीट चालत नाही. कुलूप काढायला अधिकृत वर्कशॉपमधून कंपनीच्या सर्व्हरला जोडावं लागतं. हेतू चोरी रोखण्याचा आहे आणि तो चांगलाच आहे. पण ठोकलेली गाडी जुन्या भागांवर उभी करायची तुमची योजना इथेच अडते. आर-८ चं उत्पादनही २०२४ मध्ये थांबलंय.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण हेच, सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मेकॅनिकला मोकळेपणाने न देणं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने "दुरुस्तीचा हक्क" यावर समिती नेमली आणि पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनंही आहेत. तरी तुमच्या-माझ्यासाठी सर्व्हरची चावी अजून कंपनीकडेच आहे.

म्हणून मला वाटतं, आयात शुल्क उतरल्याने ठोकलेल्या सुपरकारचं गणित लोक समजतात तेवढं बदलत नाही. शुल्काने भाग स्वस्त होईल. तो भाग तुमच्या गाडीत चालू करून कोण देणार, हे शुल्काने ठरत नाही.

तिसरा थर : कागद

विक्रेत्याने जुनी पॉलिसी दाखवली. त्यात नो क्लेम बोनस शून्य टक्के, म्हणजे आधी क्लेम झालेला असण्याची दाट शक्यता. विमा कंपन्यांचा नियम असा, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी "टोटल लॉस" धरली जाते. त्यामुळे क्लेमचं पत्र बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वाहन पोर्टलवर गाडीवर बँकेचा बोजा अजून दिसत होता, म्हणजे बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ बाकी. तो उतरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. वर २०१३ ची नोंदणी २०२८ मध्ये पंधरा वर्षांची होणार, मग फिटनेस आणि नूतनीकरण.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने चालवता येत नाही. नवरदेवाने दोन फेऱ्या मारल्या आणि घाटात काही झालं, तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. भावाचा अख्खा धंदा ज्या भाड्यावर उभा राहणार होता, त्यालाच पाया नव्हता.

मग निर्णय

मी भावाला "घेऊ नको" म्हटलं नाही. तो माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान आहे आणि पैसे कमवतो. एक अट सुचवली. गाडी फ्लॅटबेडवर टाकून अधिकृत वर्कशॉपमध्ये न्यायची, पूर्ण स्कॅन आणि चौकटीची मोजणी करायची. खर्च आम्ही करू. रिपोर्ट आल्यावर किंमत ठरवू, आणि क्लेमचं पत्र, बँकेची एनओसी हातात आल्यावर पैसे.

विक्रेता म्हणाला, "एवढं बघायचं असेल तर शोरूममधून नवी घ्या." दुसऱ्या दिवशी त्याने किंमत बावीस लाखांवर आणली, अट मात्र मान्य केली नाही. तुम्हीही अशी गाडी बघायला जाल तेव्हा हेच करा. किंमत नंतर विचारा, आधी तपासणीची परवानगी मागा. सहा लाख सोडायला तयार असलेला माणूस एक स्कॅन करू देत नसेल, तर त्या स्कॅनमध्ये सहा लाखांपेक्षा मोठं काहीतरी आहे.

भाऊ अजून थोडा नाराज आहे. त्याने शूटसाठी एका ओळखीच्या माणसाची जुनी पद्मिनी उभी करून फोटो काढले. मावशीची एफडी बँकेतच आहे.