ओतीव की घडीव? आधी वजन बोला!

इंक्रिमेंट झालं, की आपल्यातल्या अर्ध्या पब्लिकची गाडी थेट अलॉय व्हील्सच्या दुकानासमोर उभी राहते. तिथे हमखास कानावर पडणारा शब्द म्हणजे ‘फोर्ज्ड’. ‘एकदम लाइटवेट, मॅडम!’ भाव ऐकून एसीतही घाम फुटतो, तरी आपण माना डोलावतो.

एक मिनिट, बॉस!

कास्ट व्हील म्हणजे ओतीव. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्यात ओतायचं, थंड झालं की काढायचं. कुल्फीच म्हणा ना. फोर्ज्ड म्हणजे घडीव. अ‍ॅल्युमिनियमचा भरीव ठोकळा तापवून हजारो टनांच्या प्रेसखाली दाबायचा. पण धातू दोन्हीकडे तोच! एकाच आकाराची, एकाच जाडीची दोन चाकं काट्यावर जवळपास सारखीच भरणार. मग घडीव हलकं कसं? दाबामुळे ओतकामातली बारीक छिद्रं राहत नाहीत, ताकद वाढते आणि म्हणून आरे बारीक, कड पातळ ठेवता येते. ठेवता येते. ठेवलेली असेलच असं नाही!

जपानच्या रेज कंपनीने १९९६ मध्ये आणलेलं ‘टीई३७’ हे घडीव व्हील १५ इंची साइझमध्ये अवघं ३.७ किलोचं होतं. नावातले ३७ तिथूनच आले. त्याच साइझचं साधं ओतीव व्हील सहज ६-७ किलो भरतं.

समजा, चाकामागे २ किलो वाचले, म्हणजे एकूण ८. चाक पुढे जातं तसं गरगर फिरतंही, त्यामुळे पिकअप घेताना हे ८ किलो फार तर १६ किलोंइतके जाणवतील. म्हणजे मागच्या सीटवरचा कलीगही नाही, त्याचं चार वर्षांचं पिल्लू! खरी मजा खराब रस्त्यावर. हलकं चाक उसळलं तरी पटकन रस्त्यावर टेकतं. शिवाय जबर खड्ड्यात घडीव चाक सहसा वाकतं, ओतीव तडकू शकतं. हायवेवर शंभरच्या स्पीडला हा फरक स्टाइलचा राहत नाही.

मी तीन दुकानांत विचारलं, ‘भाऊ, वजन किती?’ एकाने कॅटलॉग दाखवला, दुसऱ्याने चहा मागवला. तिसऱ्याने चक्क वजनकाटा काढला. त्याच्याकडचं १७ इंची ‘फोर्ज्ड’ माझ्या गाडीच्या १५ इंची ओतीव चाकापेक्षा जड निघालं!

तेव्हा साइझ तीच ठेवून तुलना करा, लोड रेटिंग बघा आणि काटा मागा. काटा नसेल, तर चहा पिऊन सरळ पुढच्या दुकानात!