'वर्गात बोलत नाही'

बडोद्यातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत माझी नात पहिलीत शिकते. काही दिवसांपूर्वी तिच्या दैनंदिनीत बाईंचा शेरा आला : 'मुलगी वर्गात बोलत नाही.' घरी जिच्या बडबडीपुढे आम्हा वडीलधाऱ्यांना तोंड उघडण्याची सोय नाही, तिच्याविषयीचा हा अभिप्राय वाचून मी चक्रावलो. आयुष्य शासकीय सेवेत फायली तपासण्यात गेले; म्हटले, हीही एक तपासावी. सोमवार ते शनिवार रोज संध्याकाळी तिच्या वह्या घेऊन मी तिच्याबरोबर बसलो.

सोमवारी पाच इंग्रजी शब्द प्रत्येकी दहा वेळा लिहायचे होते. तिने ते सुबक लिहिले. पाचांपैकी तिघांचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. मंगळवारी एक ते पन्नास अंक, इंग्रजी नावांसह. चिंचोके मांडून हीच मुलगी मराठीत अचूक मोजते आणि त्यातून सात काढले तर किती उरले हेही सांगते. वहीत मात्र लाल फुल्या, कारण नावांचे स्पेलिंग चुकले. बुधवारी गुजराती अक्षरे. गुरुवारी बाईंनी चित्र दाखवून वस्तूचे नाव विचारले. ही 'भोपळा' म्हणाली, मुले हसली. शुक्रवारी चाचणी. शनिवारी चित्रकला, त्या दिवशी म्हणे ती वर्गात बोलली! सहा दिवसांत तिच्या घरच्या भाषेला एक तासही नव्हता.

यात बाईंचा दोष मी मानत नाही. भरल्या वर्गात एकेका मुलाच्या घरची भाषा त्यांनी कुठवर शोधावी? गुजरातीविषयी तर माझी तक्रार मुळीच नाही. तिने आपल्याला अन्न दिले, शेजार दिला. २०२३ च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत पहिली ते आठवीपर्यंत गुजराती अनिवार्य झाली, हे योग्यच झाले. शिवाय मराठी आलेल्या मुलाला ती जड नाही. शिरोरेषा काढली की कितीतरी अक्षरे ओळखीची निघतात. हिंदीच्या वर्णमालेत न भेटणारा 'ळ' तिथे आपल्या स्वागताला उभा असतो. एकोणतीस आणि ओगणत्रीस ही तर सख्खी भावंडे. तेव्हा मराठीमुळे मुलावर भाषांचा बोजा वाढतो, हा युक्तिवाद निराधार आहे. वाचनाची किल्ली मूल एकदाच घडवते. ती समजत्या भाषेत घडली, तर पुढची कुलुपे तिनेच उघडतात. न समजत्या भाषेत घडवू गेल्यास हाती नुसती नक्कल उरते.

हे बडोदेकरांना मी सांगावे असे नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानात लागू केला. याच गुजरातेत, भावनगरला, गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० मध्ये बालमंदिर काढले. मुलाला आधी गोष्ट सांगावी, बोलू द्यावे, अक्षरे मागाहून यावीत, हा त्यांचा क्रम. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक या मराठी बाईंनीच तो वारसा पुढे बोर्डीला आणि कोसबाडला नेला, अनुताई वाघांनी तो सांभाळला. एवढे जवळचे उदाहरण असता आपण पहिलीच्या मुलाकडून दहा-दहा वेळा शब्द गिरवून घेतो आणि त्याला प्रगती म्हणतो.

कुणी म्हणेल, शासन काय करते? राज्यघटनेत १९५६ पासून अनुच्छेद ३५०-क आहे : भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करावा. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. पण 'प्रयत्न करावा' आणि 'शक्य तेथे' या शब्दांची सरकारी किंमत मी जाणतो. ज्या तरतुदीसाठी कुणी अर्ज घेऊन येत नाही, ती फायलीत सुखाने झोपते. आपल्यापैकी कितीजण अर्ज घेऊन गेलो? उलट मराठी शाळांतून मुले आपणच काढली. माझ्या मुलाचा इंग्रजी शाळेचा प्रवेश-अर्ज मी स्वतःच्या हाताने भरला होता. त्या वेळी मला तो दूरदर्शीपणा वाटला. आज तो मुलगा मराठी बोलतो, पण वाचताना अडखळतो; त्याच्या मुलीला गोष्ट वाचून दाखवणारे घरात आता फक्त आम्ही दोघे म्हातारे आहोत.

१९०९, १९२१, १९३४ आणि २०१८, एवढ्या वेळा या नगरीत साहित्य संमेलन भरले याचा अभिमान आपण व्याख्यानांतून मिरवतो. व्याख्यानाला बसलेल्यांची सरासरी वये जरा पाहावीत! संमेलनाला श्रोता लागतो आणि श्रोता सहाव्या वर्षीच तयार होतो.

म्हणून दोनच गोष्टी सुचवतो. एक, आपण पालकांनी आणि आजी-आजोबांनी मिळून शाळांना लेखी विनंती करावी, की पहिल्या दोन इयत्तांत मुलाने घरच्या भाषेत दिलेले उत्तर चूक धरू नये; बाईंनी 'भोपळा' ऐकून घ्यावा आणि मग इंग्रजी शब्द सांगावा. यास खर्च शून्य. दोन, दर रविवारी सकाळी एक तास संस्थेची खोली मुलांसाठी उघडावी. भाषण नको, स्पर्धा नको, बक्षिसे तर नकोतच. गोष्ट, गाणे, मोजणी आणि शेवटी थोडी अक्षरे.

कार्यकारिणीने खोली द्यावी. पहिले सहा महिने शिकवायला मी येईन. चिंचोकेही मीच आणीन.